भागिले पाच

"चुली किती तुमच्या घरात?"

हा प्रश्न विचारला की समोरचं माणूस आधी हसतं. मग मागे वळून घराकडे बघतं आणि मग आवाज खाली येतो. बाहेरून एकच दार, एकच अंगण, दाराशी एकच तुळस. आत मात्र दिवाळीपासून दोन जावांचं जमेना म्हणून मधल्या खोलीत पत्र्याचं पार्टिशन आणि दोन गॅस शेगड्या. आमच्या, म्हणजे घरोघरी जाऊन खर्च विचारणाऱ्या सरकारी पाहणीच्या, नियमाप्रमाणे हे घर एक नाही, दोन कुटुंबं. जे एका स्वयंपाकातलं जेवतात ते एक कुटुंब, मग छप्पर कितीही मोठं असो. मराठीत याला समजावून सांगावंच लागत नाही, ‘चूल वेगळी झाली’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. फक्त गावात परक्या माणसासमोर ते म्हणायची कुणाची तयारी नसते.

अशाच एका घरात सासूबाई सकाळी थोरल्याकडे जेवायच्या, संध्याकाळी धाकट्याकडे. दोन्ही सुनांनी मला वेगवेगळं गाठून सांगितलं, "मॅडम, आत्याबाईंना आमच्यातच धरा." मला आधी ते प्रेम वाटलं. मग कळलं की दोघींनाही वाटत होतं, माणसं जास्त दाखवली की धान्य जास्त मिळेल. आजींना स्वतःला विचारलं तर म्हणाल्या, "मला कुठंबी धर, एकदाच धर म्हंजी झालं." संख्याशास्त्राच्या तीन वर्षांत दुबार मोजणीवर इतकं नेमकं मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी लातूरकडची. बी.एससी. संख्याशास्त्र केलं, दोन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या आणि जे सगळ्यांचं होतं ते माझं झालं. २०२२ च्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीनं सांगितलं की राष्ट्रीय नमुना पाहणीत कंत्राटी प्रगणक घेतायत. ज्या ठेकेदार संस्थेमार्फत लागले तिचं नाव घेत नाही; पगार दोन-दोन महिने उशिरा यायचा, पेट्रोल माझं आणि स्कूटी भावाची, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. पण काम मनासारखं होतं. कौटुंबिक उपभोग खर्चाची पाहणी, म्हणजे देशातलं घर महिन्याला काय खातं, काय नेसतं, कशावर किती घालवतं, हे दारोदार जाऊन विचारायचं. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३. याआधीचे छापून आलेले आकडे २०११-१२ चे होते. मध्ये २०१७-१८ मध्ये पाहणी झाली होती, पण तिच्या माहितीच्या दर्जाबद्दल शंका आहे म्हणून सरकारनं ती प्रसिद्ध करायची नाही असं नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवलं. म्हणजे मी शाळेत होते तेव्हाच्या ताटावरून देशाची गरिबी अजून मोजली जात होती.

प्रशिक्षणात आमच्या हातात टॅब्लेट दिला आणि एक जाडजूड सूचनापुस्तिका. आतल्या वस्तू ४०५. आधीच्या पाहणीत ३४७ होत्या. प्रत्येक गावात किंवा शहरी गटात अठरा घरं, आणि प्रत्येक घरी तीन महिन्यांत तीन फेऱ्या. एका फेरीत खाण्यापिण्याचं, एकीत रोजच्या वापराच्या वस्तू आणि सेवा, एकीत टिकाऊ वस्तू. पूर्वी सगळं एकाच बैठकीत विचारायचे, आणि तीन तासांनी समोरच्या बाईची भाकरी करपायची. तीन तुकडे केले ते बरंच केलं. मात्र त्याचा अर्थ असा की जिथं एकदा तोंड वाकडं झालं, तिथं अजून दोनदा जायचं.

गावात गेल्यावर पहिलं काम यादीचं. प्रत्येक घर, प्रत्येक कुलूप. यादी करताना शेती किती तेही विचारायचं, कारण गावात जमिनीवरून आणि शहरात चारचाकीवरून घरांचे गट पाडायचे होते, म्हणजे वरची घरंही निवडीत येतात. आता ग्रामीण महाराष्ट्रात अनोळखी पोरीनं टॅब्लेट हातात धरून "शेती किती?" विचारणं म्हणजे काय, याची कल्पना दिल्लीत बसून पुस्तिका लिहिणाऱ्याला असेल असं मला वाटत नाही. पारावर लगेच चर्चा. पीएम किसान बंद करणार. पिवळी कार्डं केशरी करणार. एकानं तर मला विहिरीपाशी गाठून सांगितलं, "मॅडम, सातबाऱ्यावर आठ एकर दिसतंय, पर तीन भावांत हाय. खरं तर काहीच न्हाई बगा." संध्याकाळी त्याच्याच दारात नवा ट्रॅक्टर उभा होता. त्याच गावात एका बाईनं उलट केलं. घरात काही नसताना सांगत राहिली, भाजी रोज असते, दूध रोज असतं, पोरांना फळं आणतो. डब्यात डोकावायची मला मुभा नव्हती. ती बोलत होती आणि तिचा धाकटा मुलगा तिच्याकडे असा बघत होता की ती खोटं बोलतेय हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं जे सांगितलं तेच मी भरलं.

गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. घराची माहिती घराबाहेर जाणार नाही असं मी प्रत्येक दारात सांगितलंय आणि कायद्यानंही ते बंधन आहे. बीड जिल्हा, बालाघाटच्या डोंगरातला भाग, एवढंच.

खाण्याच्या प्रश्नावलीबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण माझं मन तिथंच रमलं.

ज्वारी, गहू, तांदूळ, डाळी, साखर, मीठ यांचा हिशेब गेल्या तीस दिवसांचा. भाजी, तेल, अंडी-मटण, मसाला यांचा गेल्या सात दिवसांचा. कारण साधं आहे. महिन्याची ज्वारी पोत्यावरून कळते, पण परवाची पालेभाजी महिन्यानंतर कुणाला आठवत नाही. या तीस आणि सातवरून अर्थशास्त्रज्ञांत मोठी भांडणं झालेली आहेत. १९९९-२००० च्या फेरीत एकाच घराला दोन्ही कालावधी विचारले आणि त्यातून जे आकडे आले त्यावर पुढे अनेक वर्षं वाद चालला, की गरिबी खरंच कमी झाली की प्रश्न बदलल्यामुळे उत्तर बदललं. वर्गात हे वाचताना मला ते किस काढणं वाटलं होतं. पण दिवाळीच्या आठवड्यात एका घरी गेले, सात दिवसांचं तेल विचारलं, तर पाच किलो. चकल्या, शंकरपाळे, चिवडा. हे पाच किलो महिन्याचे करायचे तर तीस भागिले सातनं गुणायचं, म्हणजे एकवीस किलोच्या वर. मी घाबरून सुपरवायझरना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही लिहा. श्रावणात जाल तिथं मटण शून्य येईल, आखाडात दुप्पट येईल. म्हणून तर वर्षभर फिरतोय आपण." खरं होतं. देशभरात कुणाची दिवाळी, कुणाचा उपास, कुणाचा कोरडा आठवडा असं सगळं मिळून सरासरी निघते. पण टॅब्लेटवर त्या एका घरासमोर एकवीस किलो तेल दिसतं, आणि त्या बाईनं ते वर्षातून एकदाच, उसनवारीवर आणलेलं असतं.

मग मापं. ज्वारी अजून पायलीत सांगतात, मापट्यात सांगतात. पुस्तिकेला किलो हवा. पायलीचं वजन गावागणिक बदलतं, धान्यागणिक तर बदलतंच. मी पहिल्याच गावात किराणा दुकानदाराला गाठलं आणि त्याच्या काट्यावर पायलीभर ज्वारी मोजून घेतली. तो वर्षभर मला ‘पायलीवाल्या मॅडम’ म्हणायचा.

घरच्या शेतातलं धान्य, घरच्या म्हशीचं दूध याला बाजारभाव लावायचा नाही, शेतावर मिळेल तो भाव लावायचा. बांधावरून खुडून आणलेली तांदुळजा, पाथरी, घोळ हेही खाण्यात धरायचं, फुकट गोळा केलेलं म्हणून. ही भाजी बायका मोजतच नाहीत. "भाजी काय केली काल?" "काय न्हाई, नुसतं घोळाचं गरगट." ‘काय न्हाई’च्या मागे काय काय असतं हे शोधायला मला दोन महिने लागले. नंतर मी प्रश्नच बदलला. "शेतातून येताना वट्यात काय आणलं?" विचारलं की लगेच सांगायच्या.

आणि वानवळा. नवीन ज्वारीचा हुरडा, शेंगा, दोडके, पहिल्या वेताच्या म्हशीचा चीक, यातलं काहीबाही शेजारी नाहीतर लेकीकडे जातं. हे खाल्लं त्याच्या घरी धरायचं, दिलं त्याच्या घरी नाही. पुस्तिकेत यासाठी ‘भेट किंवा दान’ असा एक सांकेतांक आहे. वानवळ्याला दान म्हटलं तर देणारा आणि घेणारा दोघंही माझ्यावर रागावले असते. मी तोंडानं वानवळा म्हणायची आणि बोटानं तो आकडा दाबायची.

रेशनचा घोळ वेगळाच. डिसेंबरपर्यंत रेशनचं दुहेरी होतं. गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो, शिवाय कोविडपासून चालत आलेलं मोफत धान्य. म्हणजे एकाच पोत्यातला अर्धा तांदूळ विकतचा, अर्धा फुकटचा. १ जानेवारी २०२३ पासून नियमित धान्यच फुकट झालं आणि जादाचं बंद झालं. एकाच वर्षात एकाच घराच्या तांदळाचा रकाना बदलला. शिवाय दिवाळीत राज्य सरकारनं शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, रवा, हरभरा डाळ, साखर, पामतेल. तो शंभर रुपयांची खरेदी म्हणूनच धरला. फुकट मिळालेल्या धान्याची किंमत धरून एक आकडा आणि न धरता एक आकडा, असे दोन आकडे पुढे छापून आले, तेव्हा मला या सगळ्या पोत्यांची आठवण झाली.

पुरुष उत्तरं देतात तेव्हा घर स्वस्त दिसतं, हा माझा अनुभव. त्यांना गॅसच्या टाकीची किंमत माहीत असते, तेव्हा अकराशेच्या आसपास होती आणि सगळेच त्यावर चिडून होते. पण टाकी किती दिवस पुरते हे माहीत नसतं. मीठ, हळद, काडेपेटी, साबण, सॅनिटरी पॅड, पोराला रोज शाळेला जाताना दिलेले पाच रुपये, हे सगळं त्यांच्या हिशेबात हवेतून येतं. म्हणून मी बाईलाच विचारायची. उलट तंबाखू, गुटखा, दारू यांचं बाईसमोर विचारलं की पुरुष अंगण सोडून जायचे आणि बाईच आकडा सांगायची, तोही दिवसाप्रमाणे आणि चढ्या आवाजात, म्हणजे गल्लीपर्यंत पोचावा.

शहराचं थोडक्यात आटपते. आमच्याकडे तीन शहरी गट होते. काम सुरू झालं तेव्हा टॅब्लेटवर आणि बोलण्यात औरंगाबाद होतं, फेब्रुवारीत छत्रपती संभाजीनगर झालं, आणि पुढचे दोन महिने मी दोन्ही नावं सांगत होते. झोपडपट्टीत लोकांनी चहा पाजला. मध्यमवर्गीय गल्लीत खुर्ची दिली, पंखा लावला, आणि ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं. बंगल्यांच्या भागात वॉचमनच्या पलीकडे जाता आलं नाही. एका घरी चार वेळा गेले. चौथ्यांदा इंटरकॉमवरून उत्तर आलं, "आमच्याकडे काही घ्यायचं नाहीये." मी विकायला नव्हे, विचारायला आलेय हे सांगेपर्यंत फोन ठेवलेला. अशा घरांऐवजी यादीतलं दुसरं घर घ्यायची सोय आहे. ते दुसरं घर म्हणजे साहजिकच दार उघडणारं घर. श्रीमंतांचा खर्च अशा पाहण्यांत कमी येतो असं म्हणतात, त्याचं कारण मला वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभं राहून कळलं.

खालच्या टोकालाही कुलपंच होती. आमच्या डोंगरपट्ट्यात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्यांचे ट्रॅक्टर निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते; नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेले तेव्हा आळीच्या आळी बंद. दारात बसलेली म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली नातवंडं. ती म्हातारी-नातवंडं एक कुटुंब म्हणून येतात, त्यांचा खर्च कमी, माणसंही कमी. जी कारखान्यावर गेली ती तिकडं कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतात. त्यांच्या कोपीपाशी त्या महिन्यात कोणी टॅब्लेट घेऊन गेलं असेल का, हा विचार मी परतताना स्कूटीवर करायची. मार्चच्या शेवटी माणसं परत यायला लागली तोवर आमची त्या गावातली तिसरी फेरीही संपली होती.

आता ज्या घरासाठी हे लिहायला बसले ते घर.

फेब्रुवारीत पहिली फेरी. तीन एकर कोरडवाहू, पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओसरी. घरात पाच माणसं, वहिनी, तिचा नवरा, सासू, एक मुलगी नववीत, एक मुलगा सहावीत. वहिनी पस्तिशीची असेल. ओसरीच्या भिंतीवर कालनिर्णय, आणि प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात डेअरीला घातलेलं दूध, सकाळ-संध्याकाळ. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला काही विचारायलाच नको, सगळं लिहिलेलंच आहे." ती हसून म्हणाली, "लिवलं न्हाई तर डेअरीवाला लिवतो की, त्येच्या मनानं."

तिची उत्तरं ऐकून मी चाट पडले. तेल किती, तर पिशवी कधी फोडली ती तारीख. डाळ किती, तर कुठल्या बाजारच्या दिवशी किती भावानं. सात दिवस म्हटलं की बोटांवर मोजून रविवारपासून सुरू करायची. वर्षभरात असं घर मला दुसरं भेटलं नाही. खाण्याची प्रश्नावली पाऊण तासात झाली.

दुसऱ्या फेरीत मार्चमध्ये दवाखान्याचा प्रश्न आला. गेल्या तीनशे पासष्ट दिवसांत घरातलं कुणी दवाखान्यात भरती होतं का? तिनं आत सासूकडे बघितलं. सासऱ्यांना गेल्या पावसाळ्यात भरती केलं होतं. तालुक्याला आठ दिवस, मग शहरात खाजगी दवाखान्यात अकरा दिवस. वाचले नाहीत. बिलं तिनं एका बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती, तारखेप्रमाणे. औषधं, खाट, तपासण्या, ॲम्ब्युलन्स. मी मोबाइलवर बेरीज केली, एक लाख ऐंशी हजार रुपये.

मला कळेना. ते आता घरात नाहीत, सदस्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही. मग हा खर्च घ्यायचा का? सुपरवायझरना फोन लावला. "खर्च घरानं केला ना? गेल्या वर्षात केला ना? मग घ्यायचा." मी घेतला.

"पैशाची सोय कशी केली?" हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता. मी असाच विचारला. एक म्हैस साठ हजाराला विकली. बचत गटातून चाळीस उचलले. ऐंशी हजार गावातल्याच एकाकडून, शेकडा तीन रुपये महिन्यानं. म्हणजे महिन्याला चोवीसशे रुपये नुसतं व्याज. वहिनी म्हणाली, "हे बी लिवा की. दर महिन्याला सगळ्यात आधी हेच जातंय." टॅब्लेटमध्ये त्याला जागा नव्हती. व्याज हा उपभोग नाही. ते कुणी खात नाही, नेसत नाही, म्हणून या पाहणीत ते येत नाही. कर्जाची पाहणी वेगळी असते, ती २०१९ मध्ये होऊन गेली होती. हे मी तिला कसं सांगणार? म्हटलं, "वहिनी, यात फक्त खर्च लिहितात." ती म्हणाली, "मग ह्यो काय हाय?"

त्या रात्री तालुक्याच्या खोलीवर मी डायरीच्या मागच्या पानावर पेन्सिलनं हिशेब मांडला. असं घरोघरचं मांडून बघायचं काही काम नव्हतं, टॅब्लेटचं सगळं वर जातं. पण राहवेना. तिच्या घराचा महिन्याचा खाण्यापिण्याचा, कपड्यालत्त्याचा, शाळेचा, गॅसचा असा मिळून सगळा खर्च ढोबळ चौदा हजार. भागिले पाच, माणशी अठ्ठावीसशे. आता दवाखाना. एक लाख ऐंशी हजार भागिले बारा, महिना पंधरा हजार. चौदा आणि पंधरा एकोणतीस हजार. भागिले पाच, माणशी पाच हजार आठशे.

म्हणजे दुप्पट. दवाखान्याचा खर्च नसता तर घर अठ्ठावीसशेचं असतं, आणि सासरे हयात असते तर सहानं भागलं असतं आणि आणखी कमी दिसलं असतं. आजारपणानं वरची संख्या वाढवली आणि मरणानं खालची कमी केली. म्हैस गेली, घरचं दूध निम्म्यावर आलं, कर्ज डोक्यावर बसलं, आणि कागदावर घर वर चढलं.

पुस्तकी उत्तर मला येत होतं. एका घराचं बघायचं नसतं, लाखो घरांत असे धक्के विखुरलेले असतात. शिवाय उपभोग मोजण्याची पद्धत काही काल कुणी काढलेली नाही. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९५० मध्ये नमुना पाहणी सुरू केली तेव्हापासून उत्पन्नाऐवजी खर्चच विचारत आलेत, कारण आपल्याकडे उत्पन्न सांगायला कुणी तयार नसतं आणि शेतकऱ्याला ते वर्षअखेरीपर्यंत स्वतःलाही ठाऊक नसतं. त्याच आकड्यांवर पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, रोजच्या २२५० उष्मांकांपुरतं खायला किती पैसे लागतात तिथून सुरुवात करून. पुढे सुरेश तेंडुलकर समितीनं दारिद्र्यरेषा बदलली. २०११ मध्ये शहरात दिवसाला ३२ रुपये आणि गावात २६ रुपये खर्चणारा गरीब नाही, या आकड्यांवरून केवढा गदारोळ झाला होता, तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या घरी टीव्हीसमोर वडील हसत होते. २०११-१२ साठी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाची रेषा माणशी महिना ९६७ रुपये होती. रंगराजन समितीनं २०१४ मध्ये देशाची रेषा आणखी वर नेऊन सुचवली, ती कागदावर राहिली.

या कुठल्याही रेषेनं वहिनीचं घर गरीब नव्हतंच, दवाखान्याआधीही नाही. हे मला मान्य आहे. तिच्याकडे गॅस होता, मोबाइल होता, मुलगी नववीत होती. नीती आयोग ज्या बारा निर्देशकांवरून बहुआयामी गरिबी काढतो त्यात स्वयंपाकाचं इंधन, संडास, वीज, शाळा, बँक खातं आहे. त्यातले बरेच रकाने तिचे भरलेले निघाले असते. माझी तक्रार रेषेबद्दल नाही. मला फक्त त्या बेरजेतले पंधरा हजार खुपत होते, की उडीद डाळ, वह्या आणि मरणासन्न माणसाची सलाईन एकाच रकान्यात, एकाच अर्थानं, ‘राहणीमान’ म्हणून जमा होतात.

सुपरवायझरना हे मी एकदा चहा पिताना बोलून दाखवलं. ते तीस वर्षं या कामात. म्हणाले, "तुम्ही नवीन आहात. माझ्या एका घरात सासरे वाचले होते, आणि शेती गेली होती. तिथंही असंच आलं." मग बिल त्यांनीच दिलं.

एप्रिलमध्ये तिसरी फेरी, टिकाऊ वस्तूंची. पंखा, फ्रिज, मोटारसायकल, दागिने, वर्षात काय घेतलं? काहीच नाही. म्हैस विकली ते विकणं होतं, घेणं नव्हे, त्यामुळे तेही नाही. दहा मिनिटांत संपलं. मुलीच्या कानात पूर्वी बारीक सोन्याच्या काड्या होत्या, त्या त्या दिवशी नव्हत्या. मी विचारलं नाही.

निघताना वहिनीनं शेंगांचा वानवळा पिशवीत भरून दिला. नको म्हटलं, नियमात बसत नाही म्हटलं. तिनं ऐकलं नाही. स्कूटीला किल्ली लावली तेव्हा ओसरीतून म्हणाली, "मॅडम, आमचं किती आलं मग?"

मी म्हटलं, "तसं एका घराचं काढत नाहीत, वहिनी. सगळ्यांचं मिळून काढतात."

जुलैत काम संपलं. अधिकाचा महिना लागला होता, शेवटच्या दोन घरी जावई आलेले, अनारसे तळलेले. बाहेरच्या पाहुण्याला घातलेली जेवणं यजमानाच्या खर्चात धरायची असतात. ती धरली, टॅब्लेट जमा केला आणि उरलेला पगार ऑक्टोबरमध्ये मिळाला.

आकडे २४ फेब्रुवारी २०२४ ला आले. मी तेव्हा एका बँकेच्या कामावर होते, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघितले. देशभरातून २ लाख ६१ हजार ७४६ घरं. ग्रामीण भारतात माणशी महिना ३,७७३ रुपये, शहरी ६,४५९. ग्रामीण खर्चात खाण्याचा वाटा २०११-१२ मध्ये निम्म्याहून जास्त होता, तो ४६ टक्क्यांवर आला होता. दोन दिवसांत नीती आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणाले की देशातली गरिबी पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल. लगेच दुसऱ्या बाजूनं लेख आले, की प्रश्नावली बदलली, फेऱ्या बदलल्या, मग जुन्याशी तुलना कशी करता? दोघांचंही मी वाचलं. दोघांच्याही लेखात फेऱ्या होत्या, त्या मी मारलेल्या होत्या.

मग महाराष्ट्राची ओळ शोधली. ग्रामीण ४,०१० रुपये.

डायरी घरी कपाटात होती. संध्याकाळी काढली, मागचं पान उघडलं. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होतं. एकोणतीस हजार भागिले पाच. राज्याच्या सरासरीपेक्षा सतराशे नव्वद रुपयांनी वर.